ज्याची पाटी त्यानं काढावी

मंगळवार, ४ फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन

ती. मामा,

नमस्कार. आत्ता मी एका आठ मजली इमारतीच्या मशीनरूममध्ये वंगणाच्या उपड्या डब्यावर बसलो आहे आणि मांडीवर फळी घेऊन तुम्हाला लिहितो आहे. त्याआधी बराच वेळ बॅटरीच्या उजेडात लिफ्टचे दोर बघत होतो. ते झाल्यावर तळमजल्यावर जाऊन पाटी लावली : ‘लिफ्ट बंद आहे. दुरुस्ती चालू.’ खाली सही केली आणि जिन्याने वर आलो. फोन केला असता, पण तीस वर्षं लिफ्टच्या मोटारीच्या घरघरीत काढल्यावर तुमचे कान फोनला दाद देत नाहीत, आणि मामी मध्ये निरोप्या झाली की माझं निम्मं म्हणणं तिच्या काळजीतच विरघळतं.

या लिफ्टला तारेचे चार दोर आहेत. त्यांतल्या दोनांवर, पिळाच्या खाचांत, लालसर भुकटी बसली आहे. तुम्हीच शिकवलं होतं, की दोराच्या गाभ्यातला तेलकट सुंभ कोरडा पडला की तारा एकमेकींवर घासतात आणि आतला गंज लाल होऊन बाहेर येतो. बाहेरून दोर चकचकीत दिसतो आणि आतून खंगत जातो. पण याच इमारतीच्या गच्चीवर महिनाभर जुन्या विटा फोडण्याचं काम चालू आहे आणि मशीनरूमच्या झडपेची एक पट्टी तुटलेली आहे. म्हणजे ही भुकटी विटांचीही असू शकते. बोटावर घेऊन पाहिली, वास घेतला. काही कळलं नाही.

आमच्या लिफ्ट-कंपनीच्या मालकांना फोन लावला. म्हणाले, ‘गच्चीवर विटा फुटताहेत, लाल नाही पडणार तर काय साखर पडणार? आणि चारांतला एक दोरसुद्धा भरलेली लिफ्ट पेलतो, हे तुझ्या मामानंच मला शिकवलंय. पाटी काढ.’ मी ‘बघतो’ म्हणालो आणि काढली नाही.

तुमचा नियम मला पाठ आहे : ज्या लिफ्टमध्ये आपल्या आईला बसवणार नाही, तिच्यात दुसऱ्याच्या आईला बसवायचं नाही. पण मामा, आज मला हेच ठरवता येत नाही की मी आईला बसवलं असतं का. अशा वेळी नियमाचं काय करायचं?

तुमचा भाचा


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. शंकासुरास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मामीनं आधी वाचलं आणि म्हणाली, ‘पोराला झोप लागते की नाही विचारा.’ तर विचारतो. लागते का?

आता कामाचं. तू सहा वर्षांचा असल्यापासून मी तुला ओळखतो. दाराला कुलूप लावून तीनदा ओढणारा, गॅस बंद केला का बघायला कोपऱ्यावरून परत येणारा. नववीत शाळा सोडलीस तीही ‘नापास झालो तर’ या शंकेनं. नापास होऊन सोडली असतीस तर निदान एक वर्ष जास्त शिकला असतास. म्हणून तुझी शंका आली की मी आधी तुला तपासतो, मग दोराला.

लाल भुकटी दिसली म्हणून लिफ्ट बंद, उद्या आवाज आला म्हणून बंद, परवा स्वप्न पडलं म्हणून बंद. अरे, धोका शून्य हवा असेल तर लिफ्ट बांधूच नये. आणि जिना काय सोन्याचा आहे? जिन्यावरूनही माणूस पडतो. मालक माझ्या हाताखाली शिकलेला आहे. पैशाला चिकट असला तरी डोळ्यानं आंधळा नाही. तो म्हणतो वीट, तर बहुधा वीटच असणार. चार माणसांना चार दिवस जिने चढावे लागले, एवढ्यावर निभावलं म्हण आणि पाटी काढ.

तूच काढ मात्र. तो नियम मोडू नकोस. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची, कारण लिफ्टखालच्या खड्ड्यात माणूस आहे की नाही हे फक्त त्यालाच माहीत असतं.

तुझा मामा


सोमवार, १० फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. झोप लागत नाही, असं मामीला सांगा. नाहीतर नका सांगू.

तुम्ही लिहिलंत की चार माणसांना चार दिवस जिने चढावे लागले. तसं झालेलं नाही. सातव्या मजल्यावर एक आजी राहतात. पूर्वी शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं : मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. मी पाटी लावली तो मंगळवार होता. तुम्हाला पत्र लिहीत होतो तेव्हा माझ्या पायाखाली एक मजला सोडून त्या चपला घालून दारात बसल्या होत्या, आणि त्यांची सून खाली-वर करून कुणी उचलायला मिळतं का बघत होती. कुणी मिळालं नाही. बुधवारी संध्याकाळी आजींचे पाय सुजले, श्वास लागला, आणि रुग्णवाहिकेच्या माणसांनी स्ट्रेचरवरून खाली नेलं. एक रात्र दवाखान्यात काढून त्या परत आल्या. मला हे गुरुवारी चौकीदाराकडून कळलं.

मी लगेच वर गेलो. सुनेनं दार उघडलं आणि माझा गणवेश पाहून म्हणाली, ‘तुम्हीच का ते पाटीवाले? सही फार सुंदर आहे हो तुमची.’

म्हणजे असं आहे मामा. लिफ्ट चालू ठेवली तर कुणाचं तरी कदाचित वाईट होईल. बंद ठेवली तर आजींचं नक्की होतं, आणि एकदा झालंही. तरी पाटी काढायला हात उठत नाही. का ते सांगतो.

समजा एका खेपेत दोर दगा देण्याची शक्यता लाखात एक आहे. मला कुणी म्हणालं, ‘बस एकदा’, तर मी बसेन. पण ही लिफ्ट दिवसाला दोनशे खेपा करते आणि नवे दोर यायला महिनाही लागेल. प्रत्येक खेपेला मी म्हणणार, ‘एवढ्यानं काय होतंय?’ आणि प्रत्येक वेळी ते खरंच असणार. पण सगळ्या खेपांची मोळी बांधली तर? एकेक काडी हलकी आहे म्हणून मोळी हलकी होत नाही. तुमचा नियम म्हणतो, माणसाला धोक्यात घालू नये. किती धोका झाला की त्याला धोका म्हणायचं, हे नियम सांगत नाही. खेपेचा मोजायचा की महिन्याचा, तेही सांगत नाही.

मालक काल पुन्हा म्हणाले, ‘तुला खात्री आहे का दोर खराब आहे?’ मी म्हणालो, नाही. ‘मग?’ मी म्हणालो, ‘तुम्हाला खात्री आहे का चांगला आहे?’ तर म्हणाले, ‘तोंड फार चालायला लागलंय. मामावर गेलास.’

तुमचा भाचा

ता. क. इमारतीच्या सेक्रेटरींनी माझ्या पाटीशेजारी स्वतःची सूचना लावली आहे. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ यात त्यांनी दिलगीरचा ‘गी’ ऱ्हस्व काढला होता. मी पेनानं दुरुस्त केला. त्यावरूनही बोलणी खाल्ली.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

चिरंजीव,

आजींचं तू आधी कळवायला हवं होतंस. मी चेष्टा करत बसलो आणि तिकडे बाईचा श्वास अडकला होता. मागच्या पत्रातलं माझं जिन्याबद्दलचं वाक्य खोडून टाक.

दोन दिवस विचार केला. मामी म्हणते, दोर तिकडे आणि गाठी इथे माझ्या कपाळावर.

लाखात एक हा आकडा तू कुठून आणलास? हवेतून. माझ्याकडेही आकडा नाही, मालकाकडेही नाही. नसलेल्या आकड्याचा हिशोब कितीही शुद्ध अक्षरात मांडलास तरी तो नसलेलाच राहतो. मग आपल्या हातात काय आहे? आपल्याला शंका आहे एवढं खरं. आणि बटण दाबणाऱ्या माणसाला ती नाही. तो वर आकडे उजळताना बघत घरी चाललाय, कारण दोर दुसऱ्या कुणीतरी बघितलाय असं त्याला वाटतं. तो दुसरा कुणीतरी म्हणजे तू. त्याला न सांगता त्याचा जीव पणाला लावायचा हक्क तुला नाही, मग पण लहान असो की मोठा.

पण आजीही माणूसच आहेत. तू लिफ्ट बंद केलीस म्हणजे तुझं काम संपलं नाही, तिथून सुरू झालं. बंद करण्याचा भार कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. तो ज्याच्या डोक्यावर पडला त्याच्यावर सोडून तू मशीनरूममध्ये नियम पाठ म्हणत बसलास, तर तुझ्या नियमाला मी दीड दमडी देणार नाही.

आणि ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसणंही पाप आहे, जेव्हा माहीत करून घेता येतं. ते असं कर. दोन्ही दोर रॉकेलच्या फडक्यानं लख्ख पुसून घे. झडपेला गोणपाट बांध, म्हणजे विटांची धूळ आत येणार नाही. मजल्यांच्या बटणांच्या तारा सोडवून ठेव आणि दिवसभर रिकामी लिफ्ट वर-खाली चालव. खाली एक माणूस उभा ठेव. संध्याकाळी पांढरं फडकं दोरावर फिरव. भुकटी पुन्हा आली तर ती आतून आली.

मालक या कामाला पैसे देणार नाही. सोबत दीड हजार पाठवतोय. परत करायचे आहेत, दान नाही.

मामा


मंगळवार, १८ फेब्रुवारी

ती. मामा,

पैसे पोचले. रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. चौकीदाराला दिवसाचे पैसे देऊन तळमजल्यावर बसवला. संध्याकाळी पांढरं फडकं फिरवलं. पहिला दोर स्वच्छ निघाला. दुसऱ्यावर एका हाताच्या लांबीत फिकट गुलाबी डाग आला. फिकट म्हणजे इतका, की चौकीदार म्हणाला ‘आहे’ आणि मग म्हणाला ‘नसेलही’. सकाळी मीच नीट पुसलं नसेल म्हणून पुन्हा पुसून दोन तास चालवली. या वेळी डाग आणखी फिका आला, पण आला.

म्हणजे एक दोर सुटला आणि एका दोराची शंका लहान झाली. गेली नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं करून झाल्यावरही थोडं ‘माहीत नाही’ उरलंच.

आजींची व्यवस्था मी आठ तारखेच्या शनिवारपासूनच केली होती. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तेव्हा ती नीट जमेल की नाही याचीच शंका होती. हाताच्या खुर्चीला दोन दांडे आणि पट्टे बांधले आहेत. पुढे चौकीदार आणि मागे मी. आजी वजनाला हलक्या आहेत पण सूचनांना भारी. ‘अरे, वळणावर मला भिंत खायला लावू नका.’ ‘मागचा घाबरतोय, पुढच्यानं गाणं म्हणा.’ तिसऱ्या मजल्यावर त्यांना दम खायला उतरवतो. म्हणजे आम्ही दम खातो आणि त्या बोलतात.

शनिवारी त्यांनी मला विचारलं, ‘खरं सांग, दोर तुटेल का?’

‘माहीत नाही, आजी.’

‘मग मला लिफ्टनं ने. माझं वय झालंय. माझा जीव मी लावते पणाला, तुला काय?’

मी म्हणालो, ‘तुम्हाला सांगून नेलं तर तुमच्यापुरतं चालेलही. पण लिफ्ट एकदा हलली की पाचव्या मजल्याचं पोरगं बटण दाबणार. त्याला कुणी विचारलंय?’

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, ‘शिवणाच्या वर्गात अशी एक मुलगी होती. टाका बरोबर असला तरी उसवून बघायची. फार राग यायचा मला तिचा.’ आणि पट्टा स्वतःच्या हातानं आवळून घेतला. ‘उचला.’

आता काल काय झालं ते. संध्याकाळी मालक आले, सेक्रेटरी आले, दहा-बारा घरची माणसं तळमजल्यावर जमली. मी फडकं सगळ्यांना दाखवलं. काय माहीत आहे ते सांगितलं आणि काय माहीत नाही तेही सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘एवढ्याशा डागासाठी दोन आठवडे? माझ्या शर्टावर याहून मोठा आहे.’ लोक हसले. मालकांनी हात वर केला आणि पाटी काढायला लागले.

मामा, मी म्हणालो, ‘काढा. मालक तुम्ही आहात, मी अडवत नाही. फक्त पाटीवर माझी सही आहे. ती खोडा, आणि तिथे लिहा : दोर मी तपासला, माणसं बसवायला हरकत नाही. खाली तुमची सही करा. मग मी स्वतः बटणं जोडून देतो.’ आणि पेन पुढे केलं.

त्यांनी पेन घेतलं. टोपण काढलं. पाटीकडे बघितलं, मग फडक्याकडे, मग पुन्हा पाटीकडे. कुणी हसत नव्हतं. आजींची सून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभी होती. ती म्हणाली, ‘करा ना सही. आम्हाला लिफ्ट हवीच आहे.’

मालकांनी टोपण लावलं. पेन माझ्या खिशात खोचलं आणि म्हणाले, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ पाटी तशीच ठेवून निघून गेले.

त्यानंतर सेक्रेटरींना काही समजावून सांगावं लागलं नाही. नव्या दोरांचे पैसे तिथेच, उभ्या उभ्या मंजूर झाले.

तुमचा भाचा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शंकासुरा,

मालकाचंही पत्र आलंय. तीन पानं आहेत आणि त्यातली अडीच तुझ्यावर. शेवटच्या अर्ध्या पानावर लिहितो, ‘पोरगं तुझंच शोभतं, पण मला परवडत नाही.’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी तुझ्याबद्दल म्हणावं की स्वतःबद्दल, कळत नाही. मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. म्हणते, तुम्हीच पोराला भरीस घातलंत आणि त्याची नोकरी घालवलीत.

एक काम कर. जुने दोर उतरतील तेव्हा जो कुणी जोडारी असेल त्याला सांग, त्या डागाच्या जागी दोर कापून उकलून बघ. आत काय होतं ते मला कळायला हवं. तुलाही कळायला हवं, निकाल कसाही लागो. इकडे ये म्हणत होतो, पण तू आधी तिकडचं काय ते निस्तर. काम शोधतोयस ना?

मामा


गुरुवार, ६ मार्च

ती. मामा आणि मामी,

नमस्कार. उशीर झाला. काम शोधतोय असं तुम्हाला वाटत होतं, पण नवे दोर येईपर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी फक्त अर्धा दिवसच शोधत होतो. आजींच्या दिवशी खुर्चीची मागची बाजू धरायला दुसरं कुणी नव्हतं. पाटी माझी होती, तेव्हा जिनाही माझाच.

दोर शनिवारी बदलले. मालकांनी दुसरा जोडारी पाठवला होता, चांगला माणूस आहे. मी विनंती केल्यावर त्यानं डागाच्या जागी दोर कापला आणि माझ्यासमोर पीळ उकलला. आतला सुंभ जरा कोरडा होता. तारा सगळ्या शाबूत. एकही तुटलेली नव्हती. तो म्हणाला, ‘दोनेक वर्षं सहज गेला असता रे.’ दुपारपर्यंत ही बातमी आठही मजल्यांवर पोचली होती. सेक्रेटरी मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, ‘काय दोरशास्त्री?’

त्या दिवशी मी जेवलो नाही. मग दोन दिवस नीट विचार केला, आणि आता जे लिहितो आहे ते शंका न घेता लिहितो आहे.

दोराच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. पाटी लावण्यात मी चुकलो नाही. शनिवारी जे डोळ्यांनी दिसलं ते त्या मंगळवारी जगात कुणालाच दिसत नव्हतं. मालकांनाही नाही, नाहीतर त्यांनी सही केली असती. त्या दिवशी माझ्याजवळ जेवढं होतं तेवढ्यावरच मला वागायचं होतं. उद्या दुसऱ्या इमारतीत तशीच लाल भुकटी दिसली तर मी हे सगळं आठवून पाटी लावीन.

एका बाबतीत मात्र मी खरोखर चुकलो, आणि ती चूक दोराची नाही. दोराच्या आत काय आहे हे मला कळण्यासारखं नव्हतं. सातव्या मजल्यावर कोण राहतं हे कळण्यासारखं होतं. दारं वाजवली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. मी तारांमध्ये एवढा डोकं घालून बसलो की माणसांची चौकशी करायची राहिली, आणि एक बाई रात्रभर नळीतून श्वास घेत होती. यापुढे पाटी लावण्याआधी मी प्रत्येक मजल्यावर जाऊन विचारणार : जिना उतरता न येणारं कुणी घरात आहे का? आणि त्यांची सोय लागल्यावरच खटका बंद करणार.

नव्या दोरांवर लिफ्ट सुरू झाली तेव्हा त्या नव्या जोडाऱ्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, ‘पाटी तुझी आहे, मी हात लावणार नाही.’ मी दोर, ब्रेक, दरवाजे सगळं एकदा बघितलं, दोनदा रिकामी चालवली आणि मग पाटी काढली. आजी डायलिसिसहून परत येऊन आधीच खाली बसल्या होत्या. मी म्हणालो, ‘आजी, आधी मी एकटा जाऊन येतो.’ त्या म्हणाल्या, ‘तू बघितलंस ना? मग सरक.’

पलीकडच्या रस्त्यावर पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी सोळा तारखेपासून ये म्हटलंय. पगार कमी आहे. मी त्यांना आधीच सांगितलं, की माझी शंका फिटल्याशिवाय मी यंत्र चालू करत नाही. दुकानदार म्हणाला, ‘पंपाला काय होतंय?’ मी म्हणालो, ‘माहीत नाही, म्हणूनच सांगतोय.’ तरी त्यानं ठेवून घेतलं.

मामीला सांगा की मामांनी मला भरीस घातलं नाही, पाटी त्यांच्या पत्राआधीच लागली होती. आता हिशोब.

चौकीदार, रविवारच्या चाचणीचे : ३००
खुर्चीचे दांडे व पट्टे : १८०
चौकीदाराला खुर्ची उचलण्याचे : त्यानं घेतले नाहीत, चहाचे ९०
आजींच्या दवाखान्यातल्या रात्रीचं बिल, निम्मं (सून नको म्हणत होती, दाराच्या फटीतून आत सरकवलं) : १,१५०
एकूण खर्च : १,७२०
त्यांपैकी मामांकडून : १,५००
माझे : २२०
मामांना देणे : १,५००, एप्रिलपासून तीन हप्त्यांत
मालकांकडून येणे : फेब्रुवारीच्या सतरा दिवसांचा पगार. सोमवारी स्वतः जाऊन मागणार आहे.

तुमचा भाचा